लख्ख घागर

"एवढी लख्ख कशाला घासलीस गं?"

वकीलसाहेबांचा पहिला शब्द हा. मी सभेच्या हॉलच्या मागच्या दारात उभी. कडेवर घागर. अंगावर लग्नातलं लुगडं.

"जुनी, पोचे आलेली एखादी नव्हती का? लोकांना कळायला नको, तुमचे किती हाल आहेत ते?"

त्यांनी शिपायाला हाक मारली. "हिला जरा माती फास रे." शिपायानं दारातल्या कुंडीतली ओली माती काढली आणि माझ्या घागरीला चोळली. माझ्या डोळ्यांसमोर. सगळ्या बाजूंनी. त्यानं माझ्याकडं बघितलं पण न्हाय.

सोलापुरात तेव्हा शिकल्यासवरल्या लोकांची एक समिती होती. दर महिन्याला खुली सभा घ्यायचे. एकदा रस्ते, एकदा गटारं, एकदा दवाखाना. दुष्काळ सरून गेला होता, पण आमच्या वस्तीत नळ काय आला नव्हता. त्या महिन्याला विषय पाण्याचा होता. वकीलसाहेब समितीचे म्होरके. ते स्वतः वस्तीत आले. म्हणाले, सभेला एक बाई पाहिजे, येताना घागर आणायची. बाया म्हणाल्या, "हिला न्या की! म्युनिसिपालटीत जाऊन भांडून येती. लई तोंडाळ हाय."

मला वाटलं, बोलायला बोलावलं. सातवी शिकलेली बाई मी, मला दुसरं काय वाटणार? आठवडाभर भाकरी थापता थापता भाषण पाठ केलं. नवऱ्याला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "झ्याक बोलतीस. पण मला मिलात दुसरी पाळी हाय, मी न्हाय येत." शेजारची राधाआक्का म्हणाली, "मी येती तुझ्यासंगं." ऐन वेळी तीही आली न्हाय. पाणी भरायचं होतं तिला.

आणि घागर घासली म्हणजे काय गुन्हा केला? आमी बौद्ध. धर्म बदलला, तरी गल्लीला आमी तेच जुने. पाण्याला जाताना भांडं चिंच-राखेनं घासून न्यायचं, ही आमच्यात आईपासूनची शिस्त. ह्यांची भांडी घाण, असं म्हणायला कुणाला जागा ठेवायची न्हाय. त्या दिवशी तर मी दोनदा घासली होती.

स्टेजवर चार खुर्च्या होत्या. चारीवर माणसं. मला कडंला उभं केलं. वकीलसाहेब बोलायला लागले. पाण्याची टंचाई, पाण्याची टंचाई. मधेच माझ्याकडं हात करून म्हणाले, "पाहा या भगिनीकडे. पाहा ती रिकामी घागर." टाळ्या पडल्या. फोटो निघाला. पुढच्या रांगेतली एक बाई रुमालानं डोळे पुसत होती. तिच्या शेजारी आमच्या गल्लीच्या तोंडाचे शेठ बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

ह्याच शेठच्या आवारात नळ होता. धो धो वाहायचा. आमी फाटकाबाहेर घागरी मांडून बसायचो. गड्याच्या मनात आलं की तो यायचा आणि वरून पाणी ओतायचा. आमचा हात नळाला लागायचा न्हाय. आत पाऊल टाकायचं न्हाय. माझं सगळं भाषण तेवढंच होतं.

वकीलसाहेब पाणी प्यायला थांबले. मी म्हटलं, "टंचाई न्हाय साहेब. पाणी हाय. आमाला नळाला हात लावू देत न्हाईत."

कुणीतरी फिसकन हसलं. शेठनी मान खाली घातली. वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तो विषय आजचा नाही. तू नुसती उभी राहा."

नुसती उभी राहा! बाहुली हाय का मी? माझ्या कानशिलात जाळ उठला. मी तितंच खाली बसले. घागर मांडीवर घेतली आणि लग्नातल्या लुगड्याच्या पदरानं पुसायला लागले. सगळी माती काढली. घागर चकाकेपर्यंत पुसली, कडेवर घेतली आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर पडले. कुणी अडवलं न्हाय. कुणी मागं आलं न्हाय. रस्त्यावर आल्यावर मला हुंदका आला. रागाचा होता तो.

दुसऱ्या दिवसापासून शेठच्या गड्यानं माझी घागर भरायची बंद केली. बाकीच्यांच्या भरायचा. बाया माझ्याशी बोलेनात. उगं आपलंही पाणी तुटायचं. राधाआक्का दारावरनं तोंड फिरवून जायची. मी लांबच्या विहिरीवर एकटी जायची, एकटी यायची. नवरा म्हणाला, "खरं बोललीस. पण खऱ्यानं हंडा भरतो का?" मग तोही पाळीवरनं आला की माझ्याकडं न बघता जेवून झोपायचा. भरल्या वस्तीत मी एकटी पडले, बाबा. सांगायचं कुणाला?

काही महिन्यांनी वकीलसाहेब परत आले. मोठे पाहुणे येणार होते, परत पाण्याचीच सभा. हसून म्हणाले, "झालं गेलं विसर. तुझा फोटो चांगला आला होता. या वेळी मात्र घागर घासू नकोस."

सगळ्या बाया दारात येऊन बघत होत्या.

मी म्हटलं, "घासूनच आणीन. अन् बोलीन. पहिलं शेठच्या नळाचं."

"मग राहू दे."

त्यांनी राधाआक्काला विचारलं. ती पोचे आलेली घागर घेऊन त्यांच्या मागं गेली. मी तिला नावं ठेवत न्हाय. घरात तान्हं लेकरू होतं तिच्या. पण तिची पाठ दिसत होती तोवर मी दारात उभी होते.

मग मी चुलीतली राख घेतली. घागर घासली. शेठच्या फाटकावर गेले. बाहेर रांग होती, रांगेत उभी राहिले न्हाय. सरळ आत.

गडी ओरडला, "ए! लांब हो! मार खाशील!"

नळाची तोटी गार होती. मी ती माझ्या हातानं सोडली.

"मार," मी म्हटलं. "घागर भरल्याबिगर मी हितनं हलत न्हाय. आज न्हाय, उद्या न्हाय."