धक्क्यावरचं मूल दचकत नाही

माझी लेक बाळंतपणाला आमच्याकडे दिघीला आली होती. बाळाला तिसरा महिना सरत आला तेव्हा तिने मला विचारलं, "पप्पा, बाळ भोंग्याला दचकतं का? मला कळत नाही. तुम्ही बघा ना."

तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानाला मशीन आहे, पण समोरच्याचं बोलणं ती ओठांवरूनच वाचते. बाळाचे कान तपासायला पनवेलला न्यायचं ठरलं होतं. मध्येच त्याला कावीळ झाली आणि ते राहून गेलं.

"बघतो," मी म्हणालो. ही लेक एवढीशी होती तेव्हा तिच्या आईलाही मी हेच म्हणालो होतो. पुढे काय केलं ते कुणाला सांगितलं नाही.

आमचं घर धक्क्याला लागून. मी लाँचच्या तिकीट खिडकीवर होतो. आगरदांड्याची लाँच सुटताना भोंगा व्हायचा तो असा, की पाहुण्यांच्या हातातला चहा बशीत सांडावा. धक्क्यावरची पोरं मात्र त्यात खुशाल झोपायची आणि घरोघरी त्याचं कौतुक. ही लेक जन्मली तेव्हा बघायला आलेल्या बायांना माझी आई सांगायची, "आमचं पोर धक्क्यावरचं हाय. भोंग्यानं उठाया ते काय माणगावचं हाय?" माणगावची माझी बायको. तीही हसायची.

पण ती पोरं सुरुवातीला दचकायची आणि मग त्यांना सवय व्हायची. आमची कधी दचकलीच नाही. हा फरक खिडकीत बसून रोज भोंगा ऐकणाऱ्या माणसाला कळत नव्हता, असं मी म्हणणार नाही. बारशाला बुद्धवंदना झाली, आत्याने कानात नाव सांगितलं, बायांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, केवढा गलका झाला. लेक पाळण्यात शांतपणे वरच्या पताका बघत होती.

"गुणाची हाय गो," सगळ्या म्हणाल्या.

बायकोलाच पहिल्यांदा शंका आली. "अहो, समोर गेलं की ही हसते. मागून हाक मारली तर बघतसुद्धा नाही. हिला ऐकू येतं ना?"

"बघतो," मी म्हणालो.

दुपारी ती धुणं घेऊन विहिरीवर गेली. मी पाळण्याच्या मागे उभा राहून पळीने ताट वाजवलं. लेक मूठ चोखत होती, ती चोखतच राहिली. पुन्हा वाजवलं, जोरात. कोपऱ्यातली मांजर पळाली. मग मी पुढे झालो आणि ताट पाळण्याच्या लाकडावरच आपटलं. पाळणा हादरला. लेकीने मान वळवली, मला पाहिलं आणि बोळकं पसरून हसली.

बायको परत आली तेव्हा मी म्हणालो, "बघितलं. वळते."

"खरंच?"

"वळते म्हणालो ना."

तिने बादली खाली ठेवली आणि ओल्या हातांनीच लेकीला उचलून घेतलं. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

मी खोटं का बोललो, ते सांगतो. माझ्या आईचा भाऊ आमच्याकडेच राहायचा. तो जन्मापासून मुका-बहिरा. माझं लग्न ठरताना मुलीकडच्यांनी त्याच्याविषयी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "ल्हानपनी ताप आला व्हता, त्यात कान गेले." मी शेजारीच बसलो होतो, पोहे खात. लेकीला ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर तो ताप खोटा ठरला असता. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

मामाला मात्र लपवता आलं नाही. एकदा पडवीत सुपारी सोलता सोलता त्याने पाळण्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे, आणि हात हलवून 'नाही' केलं. मी त्याचा हात धरून खाली दाबला. तो माझ्याकडे बघत राहिला. नंतर पुन्हा सुपारी सोलायला लागला.

त्या वर्षी बायको दिवसभर लेकीशी बोलायची. पण चुलीकडे तोंड करून. भाकरी थापत, मासळी साफ करत, पाठमोरी. "आज पप्पांना उशीर होणार हां", "ही बघ कावळीण आली तुझी". मागे गोधडीवर लेक तिच्या पाठीकडे बघत पडलेली असायची. मी दारात चपला काढताना हे बघायचो. तिला फक्त 'वळून बस' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पोरीला आईचं तोंड दिसलं असतं, हातवारे दिसले असते. पहिलं सगळं वर्ष पोरीने पाठ बघितली.

शेजारचं धाकटं मूल 'आई' म्हणायला लागलं आणि आमची गप्पच, तेव्हा मुंबई गाठली. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या वर्षात आणायचं होतं." मग म्हणाले, "घरात आणखी कुणाला असं आहे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "यांचे मामा…"

"त्यांचं तापाने झालं," मी म्हणालो. "ते वेगळं."

मग डॉक्टरांनी गरोदरपणाचं विचारलं. तिला सातव्यात ताप आला होता, दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." तिला तेवढं पुरलं. तेव्हापासून त्या गोळ्या तिने मनाला लावून घेतल्या. आरसा समोर ठेवून लेकीकडून एकेक अक्षर वदवून घ्यायची आणि मध्येच म्हणायची, "मीच गं केलं तुझं असं." मी म्हणायचो, "असं काही नसतं." आणि पेपर उलटायचो. मामा गेला, आई गेली. खरं माहीत असलेला मी एकटा उरलो.

आता पुन्हा तेच घर. लाँचच्या जागी गाड्या वाहणारी मोठी बोट आली आहे, भोंगाही मोठा. परवा सकाळी बाळ बायकोच्या खांद्यावर जागं होतं. भोंगा झाला. बाळाची पापणीही हलली नाही. बाळाला पाळण्यात ठेवायला सांगून मी आतून ताट आणलं, मागे उभं राहून वाजवलं. या वेळी पाळण्याला हात लावला नाही.

लेक माझ्या ओठांकडे बघत होती.

"नाही वळत," मी म्हणालो.

अलिबागला नेलं. डॉक्टरीणबाईंनी लेकीबद्दल विचारलं, "यांना कशामुळे?" बायको नेहमीसारखी सुरू झाली, "माझ्याच गोळ्यांमुळे. सातव्यात मला…"

"गोळ्यांनी नाही," मी म्हणालो. "माझा मामा जन्मापासून तसा होता. ताप वगैरे काही नव्हता. ही चार महिन्यांची होती तेव्हाच मला कळलं होतं, हिला ऐकू येत नाही म्हणून. मी वळते म्हणून सांगितलं."

लेकीने माझ्या हातावर थोपटलं. "पप्पा, वर बघून बोला. मला दिसत नाही."

मग मान वर करून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. तिच्या तोंडाकडे बघत. शब्द संपले तरी ती माझ्या ओठांकडेच बघत होती.

बाळाला मुंबईला मोठ्या तपासणीला न्यायचं आहे. मशीन लागेल असं दिसतं. "लवकर आलात," बाई म्हणाल्या. आतापासून काय करायचं तेही सांगितलं. उजेडाकडे तोंड करून त्याच्या समोर बसायचं, हातांनी, चेहऱ्याने बोलायचं.

परतीच्या बोटीत बायको पाण्याकडे बघत होती. "म्हणजे माझ्या गोळ्या नव्हत्या."

"नव्हत्या."

"एवढंच सांगायचं होतं हो तुम्ही."

आता लेक बाळाला मांडीवर समोर घेऊन दोन्ही हातांनी त्याच्याशी बोलत असते. बायको दारातल्या उजेडात बसते, त्याचा तळवा आपल्या गळ्याला लावते आणि गाते. बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघतं.

माझ्याशी ती पाठमोरी बोलते. "चहा ठेवलाय," ओट्याकडे तोंड करून म्हणते. मला ऐकू येतं.