आधी घरी पोचलेलं दप्तर

बसच्या डिझेलचा वास आला की आदिलाबादच्या शाळेतला इंग्रजीचा शेवटचा तास आठवतो. फाटकाबाहेर आमच्या गावाची, तामसीची बस लागली होती, आणि पाणी प्यायला म्हणून सटकून मी खिडकीतून दप्तर टाकून जागाही धरून आलो होतो. पण आमचे इंग्रजीचे तेलुगूभाषक सर हटून बसले, "कल इसी टाइम क्या करते रहोगे? अंग्रेजी में बोलो, फिर जाओ!" बाहेर हॉर्न वाजत होता, मी चुळबुळत "आय विल बी, आय विल बी" एवढंच घोकत राहिलो, आणि बस माझं दप्तर घेऊन गेली. मागच्या बसनं घरी पोचलो, तर ओट्यावर कंडक्टरनं उतरवून दिलेलं दप्तर, भोवती अर्धं गाव आणि मधे रडणारी आई. "दप्तर आलं, तू काऊन नाई आला रे?" "इंग्रजी शिकून राह्यलो होतो," मी म्हणालो. आता मला नातवंडं झाली, पण हे कारण आईला अजून पटलेलं नाही.