अळणी आयतवार

जाऊबाई गेल्याचं मला सकाळी सव्वासातला फोनवर कळलं. त्या जाणार आहेत, हे मात्र घरातल्या बाकी सगळ्यांना पाच महिन्यांपासून ठाऊक होतं... अमरावतीहून अकोल्याला पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून ठेवलं होतं. मी रडले नाही. आमचा अबोला होता ना! चार महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि तो राग मनात तसाच ठेवून मी त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं.

आम्ही दोघी हिवरखेडच्या एकाच घरात सुना म्हणून आलो. त्या थोरल्या, मी धाकटी. भांडलो नाही असा दिवस आठवत नाही. कधी फोडणीवरून, कधी नुसतंच. पण त्यांचा हेमंत चार वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांना काहीतरी झालं. उजेडाकडे बघवेना, डॉक्टरही खात्रीनं काही सांगेनात. तेव्हा आम्ही दोघींनी एकाच दिवशी सूर्यनारायणाचा आयतवार धरला. रविवारी एकदाच जेवायचं, तेही बिनमिठाचं. पोर त्यांचं, पण अळणी मीही खाल्लं. "दोघीनं धरला, दोघीनंच सोडू," असं त्याच म्हणाल्या होत्या. हेमंतचे डोळे सुधारले, तो शिकून सिंगापूरला गेला, आमची बिऱ्हाडं अकोला आणि अमरावती अशी वेगळी झाली. तरी सव्वीस वर्षं आयतवार चुकला नाही, आणि वेगळं झाल्यापासून दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. "कसं लागलं वं, सुमन?" "मातीवानी!" मग दोघी पोट धरून हसायचो.

त्या जाण्याच्या चार महिने आधी हेमंतनं आम्हा सगळ्यांना सिंगापूरला बोलावलं. तिथला पहिलाच रविवार. सकाळी देवदर्शन आणि मग शहर पाहणं, असं ठरलेलं. देऊळ दाक्षिणात्य होतं. उंच गोपूर, त्यावर रंगीत मूर्तींची ही गर्दी. दर्शन झाल्यावर जाऊबाई खांबाला टेकून बसल्या. "माहे पाय दुखून राहिले. हेमंत हाय माह्यापाशी. तुमी जा, पाहून या सारं." हेमंतच्या बायकोनं मला आणि ह्यांना फिरवलं. काचेच्या छताखालची बाग पाहिली, मग तो अवाढव्य आकाशपाळणा. वर गेल्यावर समुद्र दिसला आणि मी लहान पोरीसारखी ओरडले. हे शेजारी बसून मला जहाजं दाखवत होते.

तीनच्या सुमारास देवळात परतलो, तर जाऊबाई तिथल्या पंगतीत बसून चिंचेचा भात खात होत्या. वर लोणचं! माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"बाई, आज आयतवार हाय न? अन् तुमी मिठाचं खाऊन राहिल्या?"

"देवाच्या दारचं हाय, खाऊ दे न मले..."

चार लोकांत मी त्यांना नाही नाही ते बोलले. माझी सव्वीस वर्षं त्यांनी एका लोणच्याच्या फोडीसाठी मातीत घातली, असंच मला वाटलं. त्या नुसत्या हसल्या. हेमंत खाली मान घालून उभा होता. त्यानंतर रविवारचा फोन आला तरी मी हूं हूं करून ठेवून देई.

तेरवी झाल्यावर, परत जाण्याआधी हेमंत आमच्याकडे आला. चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाला, "काकू, आईनं तिथं आयतवार मोडला नाही. सोडला. उद्यापन केलं." सिंगापूरला यायच्या आधीच डॉक्टरांनी जाऊबाईंना सांगून टाकलं होतं. आम्ही पाळण्यात होतो तेव्हा त्यांनी सूर्याची पूजा करवून घेतली, दान दिलं. "पुजाऱ्यानं नाव अन् नक्षत्र इचारलं, तं आईनं दोन नावं सांगितले. तुमचं नक्षत्र तिले माईत नोयतं, म्हनून सोताचंच सांगितलं. तुमचाबी सोडला तिनं. म्हने, माह्यामांगं सुमन एकटी अळणी खाईन, तं तिले फोन कोन करन?"

"अन् मले कावून नाही सांगितलं?"

"म्हने, सांगितलं तं सुमन पाळन्यात बसनच नाही."

लोक म्हणतात, केवढं प्रेम! असेल. मला राग येतो. ज्याच्या डोळ्यांसाठी मी सव्वीस वर्षं मिठाला शिवले नाही, त्यानं माझ्यापासून लपवलं. पाळण्यात शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. आणि जाऊबाई? त्यांनी मला एका मरणाऱ्या बाईवर चार महिने रुसू दिलं. एका शब्दानं थांबवता आलं असतं. माझ्या तोंडून निघालेलं ते सगळं आता मी कुणाकडून परत घेऊ?... सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, उद्यापन होऊ दिलं नसतं, हे खरं आहे. पण तो माझा हक्क होता.

परवाच्या रविवारी जेवायला बसलो. ह्यांनी मिठाची वाटी हळूच माझ्या ताटाजवळ सरकवली.

"आता कायले अळणी खातं? वैनीनं तं सोडवलं न तुले."

"त्यायनं सोडवलं असन," मी म्हटलं, "मले इचारलं होतं काय?"

आणि बिनमिठाचं वरण भातावर वाढून घेतलं.