पाववाल्याचा घाट

अलिबागहून सकाळी सहाला निघाले तेव्हा पाऊस अक्षरशः आडवा येत होता. गौरी-गणपती जाऊन आठवडा झाला तरी त्याचं मन भरलं नव्हतं. भाऊ दारातून ओरडला, "ताई, गाडी ने ना! पन्नाशी झाली तुझी!" मी ऐकलं नाही. बाबा मुरुडपुढचा घाट सायकलने चढायचे, मलाही तसाच चढायचा होता.

बाबा मुरुडच्या बेकरीतले पाव डोंगरातल्या वाड्यांवर नेऊन विकायचे. वाडीकर चिठ्ठी देत, आणि बाबा दुसऱ्या दिवशी पावांबरोबर औषधंही आणत. चाळीसेक वर्षांपूर्वी वरच्या वाडीतल्या सोनाबाईच्या तापलेल्या मुलाचं औषध त्यांच्या खिशात होतं. वाटेतला पऱ्या (डोंगरातला ओढा) दुथडी भरलेला. बाबा मागे फिरले. दुसऱ्या दिवशी मूल गेल्याचं कळलं, आणि त्या वाडीवर ते पुन्हा गेलेच नाहीत. गेल्या आठवड्यात अंथरुणावरून त्यांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं. म्हणाले, "ती असेल तर माझ्या वतीने माफी माग. मला आता जमायचं नाही."

साळावच्या पुलावर वाऱ्याने सायकल दोनदा कठड्याकडे ढकलली. उतरून चालत गेले, लाज कसली! काशीदच्या चढांनी तर नाकीनऊ आणले. माझ्या सायकलला एकवीस गिअर, बाबांच्या सायकलला एकही नाही, वर पावांची पत्र्याची पेटी. धन्य तो माणूस! नांदगावजवळ चेन निघाली. ती बसवताना हात कोपरापर्यंत काळे झाले.

मुरुडला टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या चाचांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "आज घाटात? अल्ला खैर करो. पऱ्याला पाणी असलं तर थांबा हां, बेटी. तास-दोन तासांत उतरतं."

घाटात धुकं इतकं, की पुढचं चाक तेवढं दिसत होतं. पऱ्यावर आता छोटा साकव आहे, पण लाल पाणी त्याच्याही वरून धावत होतं. खरं सांगते, आठवडाभर मी मनात म्हणत होते, बाबांनी जरा धीर करायला हवा होता. ते पाणी बघून मी सायकल मागे ओढली. पलीकडून इरलं घेतलेला एक माणूस ओरडला, "बाय, थांब! पानी उतरू दे!" तो दीड तास तिथेच बसून राहिला, मी पाणी ओलांडून येईपर्यंत. बाबांच्या वेळी पलीकडे कोणीच नव्हतं.

त्यानेच मला सोनाबाईंच्या घरी नेलं. त्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी कोण, कशासाठी आले, सगळं एका दमात सांगितलं आणि बाबांच्या वतीने माफी मागितली. त्यांचे हात थांबले.

"पोर तर त्या दिशी फाटंचंच गेलेलं," त्या म्हणाल्या. "दवा आली असती तरी पाजनार कुनाला? तुजा बा पान्यात उतरला असता तर अजून येक गेला असता."

मला रडू आवरेना. त्या मात्र चिडल्या.

"पन दुसऱ्या दिशी का न्हाय आला? म्या दाराला पावाची रिकामी पिशवी टांगली व्हती. आठ दिस टांगली. पोर गेलं, पाववालाबी गेला. दाराशी येऊन बोलनारं कोन उरलं?"

निघताना त्यांनी एक कापडी पिशवी माझ्या हातात कोंबली. "तुज्या बाला सांग, भरून धाड."

संध्याकाळी एसटीच्या टपावर सायकल टाकून अलिबाग गाठलं. बाबा वाट बघत होते. "रागावली?"

"रागावल्या. पण त्या दिवसासाठी नाही, बाबा. नंतर गेला नाहीत म्हणून." मी सगळं सांगितलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

बाबा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडले. चाळीस वर्षं ते त्या पऱ्याला भीत राहिले, आणि पलीकडे पिशवी टांगलेली होती. हे ऐकायला सायकल कशाला हवी होती, असं भाऊ म्हणाला. त्या पाण्यासमोर उभी राहिले नसते, तर बाबांना मी मनातून कधीच माफ केलं नसतं.

डोळे पुसून बाबांनी पिशवीची घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली.

"अर्धी लादी घ्यायची ती. कडेचे नको देऊस. तिला मधले, मऊ लागतात."