काढा आणि तोंडी परीक्षा

गल्लीत तिला 'उंदीरवाली' म्हणत. ती प्रयोगशाळेत कामाला होती. ब्राह्मी, शंखपुष्पी असल्या जुन्या औषधी वनस्पतींमधलं नेमकं कोणतं द्रव्य मेंदूच्या पेशींना जपतं, याचा तिथे शोध चाले. अर्क पाजलेले आणि न पाजलेले उंदीर पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि पाण्याखाली लपवलेला, पाय टेकायचा पाट कुठे आहे हे कोणाला आठवतं ते बघायचं, हे तिचं काम. नव्या मुलींना ती ठणकावून सांगे, "पाजणारीनं गुण द्यायचे नाहीत. आपलं मन लबाड असतं, हवं तेच बघतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान!

घरी आई विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग गॅस, आणि एकदा थेट लेकीलाच, "तुम्ही कोणाकडे आलात?" तिच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्याच दिवशी काढा उकळू लागला.

"अगं, पेशींना मानवलं म्हणजे माणसाला मानवेलच असं नाही," प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या. तिनं शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी जाऊन ब्राह्मीची मूठ वाढवली.

काढा तीच करी. तो गार झाला की आईला द्यायचं काम दुपारपाळीच्या नवऱ्याकडे. पण परीक्षा मात्र तीच घेई, रोज सकाळी. आज वार कोणता? काल रात्री काय जेवलीस? मी कोण?

आठवड्याभरात आई धडाधड उत्तरं देऊ लागली. उंदीरवालीला आकाश ठेंगणं झालं. आता आपला फोटो कुठे छापून येईल आणि त्यात कोणती साडी नेसायची, इथपर्यंत तिची मजल गेली.

मग एका सकाळी केस विंचरता विंचरता तिनं परीक्षा घेतली. आरशात मागचं दार दिसत होतं. दारात नवरा, ओठ हलवत: बुध-वार.

"बुधवार!" आई म्हणाली.

"अहो! हे काय चाललंय?"

"तू गेलीस की रडत बसायच्या," तो खाली मान घालून म्हणाला. "म्हणायच्या, जावईबापू, नापास झाले तर मला घालवतील."

"आणि काढा?"

"थुंकून टाकतात. वाया कशाला घालवायचा, म्हणून मीच..."

"तरीच! माझ्या माहेरच्यांनी लग्नात केलेला अपमान तुम्हाला हल्ली तारखेसकट आठवतो!"

दुसऱ्या दिवशी ना काढा, ना प्रश्न. ती नुसतीच आईशेजारी चहा घेऊन बसली. आईनं दाराकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "आज ती परीक्षावाली नाही आली?"

तिनं कप खाली ठेवला. "नाही. काढून टाकलं तिला."

"बरं झालं. फार कडक होती." आई तिच्याकडे सरकली. "तुम्ही बऱ्या आहात. रोज येत जा."

"येईन की," ती म्हणाली. "तिला तसंही काही येत नव्हतं."