सवतीची कॅसेट

नातीने हाताला सॅनिटायझर चोळलं आणि स्पिरिटच्या त्या वासाने मला महाडच्या जुन्या बिऱ्हाडात नेलं. आमचे हे कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचं हेड पुसायचे, मग त्यांची लाडकी इंग्रजी गायिका हळुवार गायची. माझ्या कपाळावरचा घाम कधी पुसला नाही! मी मेली जळून कोळसा.

एकदा मुलाने मुंबईहून नवी कॅसेट आणली. रॉक बँडवाल्या पोरांनी त्या बाईला मानवंदना म्हणून तिचीच गाणी गिटारी बडवत, घसा फोडत गायली होती. मी खूश! म्हटलं, संपला सवतीचा गोडवा. स्पिरिटची बाटली तेवढ्यात मोरीत ओतून आले.

ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "अगं, एवढ्या आरडाओरड्यातही तीच ऐकू येते. आण बघू स्पिरिट."

मोरीतून घरभर वास सुटलेला.