शेवटच्या स्टेशनावरची सावड

"तुमचे सिग्नल पास होतात, मग गाड्या नापास का?" साहेबांनी स्टॉपवॉच टेबलावर आपटलं.

मंगळवार होता. येत्या सोमवारपासून दर पाच मिनिटांनी मेट्रो, असे बोर्ड स्टेशनांवर लागलेसुद्धा होते. ट्रायलमध्ये मात्र आम्ही सात मिनिटांच्या खाली येत नव्हतो. सिग्नल विभाग माझा. शनिवारची शेवटची ट्रायल फसली तर बोर्ड उतरणार आणि माझी रवानगी स्टोअर्सला, हे साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

दोन गाड्यांत किती अंतर राहील, हे सिग्नल ठरवतो. आमची नवी यंत्रणा दोन मिनिटांच्या अंतरानेही गाड्या सोडू शकत होती. पण शेवटच्या स्टेशनाला, म्हणजे टर्मिनलला, एकच फलाट चालू होता. तिथली गाडी परत निघाल्याशिवाय पुढची आत येणार कशी? ती बाहेर ताटकळत उभी, तिच्यामागे आणखी एक.

बुधवारी दिवसभर मी त्या फलाटावर उभी राहिले. चोर सापडला. ड्रायव्हर पुढची केबिन बंद करायचा, गर्दीतून वाट काढत गाडीच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचा आणि तिथली केबिन उघडायचा. दोन मिनिटं त्यातच जायची.

उपाय माझ्या डोक्यातून निघालेला नाही. जगभर त्याला स्टेपिंग बॅक म्हणतात. दुसऱ्या टोकाला एक ड्रायव्हर आधीच उभा ठेवायचा. गाडी थांबली की तो चढतो. उतरलेला ड्रायव्हर सावकाश चालत येतो आणि मागून येणारी गाडी घेतो. एक माणूस जादा लागतो, एवढंच.

त्याच फलाटावर मी ड्रायव्हरांना हे सांगितलं, तर त्यांनी साफ नकार दिला. त्यांचे म्होरके भानुदास गोरे. "मॅडम, सकाळी जी गाडी मी तपासून घेतली, तीच मी चालवनार. दुसऱ्याच्या गाडीत बिघाड निघाला, तर मेमो मला?" इतक्या वर्षांत त्यांच्या सर्व्हिस बुकात एकही डाग नव्हता. मी चिडून निघून आले.

गुरुवारी त्यांची सुट्टी होती. मी थेट मिरजगावला त्यांच्या रानात जाऊन धडकले. मी संगमनेरची, तेव्हा एका जिल्ह्याची म्हणून चहा तरी मिळेल अशी खात्री होती. गोरे बांधावर उभे होते आणि त्यांचा ट्रॅक्टर दुसराच कुणीतरी चालवत होता.

"हा कोण?"

"बाळू, शेजारी. आमची सावड हाय. आज तो माझ्या रानात, उद्या मी त्याच्या."

"ट्रॅक्टर तुमचा. त्याच्या हातून काही मोडलं तर?"

"देतानाच सांगतो ना, क्लच जड हाय, ब्रेक ठीक हाय. पुढचं मंग त्याचं."

"मग गाडीही तशीच सांगून द्या की!" मी म्हटलं. गोरेंना हसू फुटलं. "तुमी लई बेरकी निघाल्या, मॅडम!"

अट त्यांनीच घातली. "उतरनाऱ्यानं केबिनच्या फोनवर चढनाऱ्याला सांगायचं, गाडी कशी हाय ते. आन् ते रेकॉर्ड झालं पायजे. मंग कोनाचा बिघाड, ते कळंल." मी बांधावर बसूनच नियम लिहून काढला. शुक्रवारी सेफ्टीवाल्यांनी शंकांवर शंका काढल्या आणि शेवटी सही केली.

शनिवारी कंट्रोल रूममध्ये स्पीकरवर गोरेंचा आवाज आला. "गाडी ठीक. घ्या." "घेतली." चार मिनिटं पन्नास सेकंद! दुसरी गाडी तेवढ्यातच. दहाव्या गाडीपर्यंत एकदाही पाचाचा आकडा ओलांडला नाही. मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. नाचले नाही, पण ओरडले मात्र जोरात. साहेबांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि सगळ्यांसाठी पेढे मागवले.

सोमवारी त्यांनी पत्रकारांना सांगितलं, "ही नव्या सिग्नल यंत्रणेची कमाल." गोरेंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी गप्प बसले, कारण माझीही चूक झाकली जात होती. "मेमो मला?" या प्रश्नातच गोरेंनी मला फलाटावर त्यांची अट सांगितली होती. मी तिला नकार समजून मिरजगावपर्यंत गाडी दामटली.